समुद्राच्या मागोमाग चालणारे गाव

समुद्रकाठच्या माणसाला समुद्राची एकच भीती ठाऊक असते; ती म्हणजे तो आत येईल. आमच्या कोकणातल्या म्हाताऱ्या बायका उधाणाच्या रात्री माजघरात बसून गाजेकडे कान लावीत, त्या याच धास्तीने. कोणाची पडवी गेली, कोणाचे दोन माड गेले, कोठल्या देवळाच्या पायरीला पाणी लागले, असे हिशेब प्रत्येक किनाऱ्यावर चालू असतात. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असाही एक किनारा आहे की, जेथल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या उलटीच चिंता लागून राहिली आहे. समुद्र आत येईल ही नव्हे, तर तो निघून जाईल ही! आणि तो खरोखरीच जातो आहे. दरवर्षी, न चुकता, थोडा थोडा. गाव आपले होड्या, जाळी, खोपटी घेऊन त्याच्या मागोमाग चालले आहे.

या गावाचे नाव ब्योर्कोबी. नकाशावर ते शोधायचे तर बाल्टिक समुद्राच्या उत्तरेकडच्या निमुळत्या फाट्यात बोट ठेवावे. या फाट्याला बोथनियाचे आखात म्हणतात. डावीकडे स्वीडन, उजवीकडे फिनलंड. आखाताच्या मध्यावर दोन्ही देशांचे किनारे एकमेकांना भेटण्यासाठी पुढे सरसावल्यासारखे दिसतात. त्या अरुंद, उथळ, हजारो बेटांनी भरलेल्या पाण्याला क्वार्केन असे नाव आहे. त्याच्या फिनलंडच्या बाजूला, वासा शहरापासून थोड्या अंतरावर, ६३ अक्षांशाच्याही उत्तरेला हे गाव आहे. गाव फिनलंडचे, पण घरातली बोली स्वीडिश. फिनलंडमध्ये स्वीडिश ही फिनिशच्या जोडीची राष्ट्रभाषा असून ती बोलणारे लोक शेकडा पाचच्या आसपास आहेत. त्यांतले बरेचसे या किनारपट्टीवर राहतात.

नावाचा अर्थ सांगितल्याशिवाय पुढे जाणे मराठीच्या मास्तराला शोभणार नाही. 'ब्योर्क' म्हणजे भूर्ज, ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या त्याच्या कुळातले झाड. 'ओ' म्हणजे बेट आणि 'बी' म्हणजे गाव. भूर्जबेटाचे गाव! आता या नावात जे बेट आहे, ते दिवसेंदिवस बेट राहिलेले नाही. शेजारची बेटे त्याला येऊन चिकटत आहेत. मधल्या सामुद्रधुनीचा ओढा होतो, ओढ्याची दलदल होते, दलदलीचे कुरण होते. त्या सगळ्या मुलखात 'होल्म' म्हणजे टापू, 'सुंद' म्हणजे सामुद्रधुनी, 'वीक' म्हणजे उपसागर, 'ग्रुंद' म्हणजे पाण्याखालचा उथळ खडक, अशा शेपट्यांची नावे जागोजाग आढळतात. त्या जागी जाऊन पाहावे, तर गहू-बार्लीची शेते किंवा सुचिपर्णी वृक्षांचे रान. कोर्सहोल्म हे तिथल्या प्रांताचे जुने नाव. त्याचा अर्थ क्रुसाचा टापू. चौदाव्या शतकात ज्या टेकाडावर तेथला किल्ला बांधला गेला, ते टेकाड एके काळी पाण्याने वेढलेले होते. आज तेथे जायला होडी लागत नाही. शब्द मागे राहिले आणि वस्तू निघून गेली. भाषेत हे नेहमीच घडते. येथे ते भूगोलात घडले आहे.

आता असे का होते ते सांगतो. शास्त्राचा भाग आहे, पण कंटाळवाणा नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी सारा उत्तर युरोप बर्फाच्या जाड थराखाली होता. या भागात त्या थराची जाडी तीन किलोमीटरच्या घरात होती. एवढ्या वजनाखाली जमिनीचे कवच खाली दबले. आपण कापसाच्या गादीवर बराच वेळ एका जागी बसून उठलो, तर तेथला खळगा लगेच भरून येत नाही. कापूस सावकाश, आपल्या मर्जीने, वर येतो. पृथ्वीची गादी तर फारच घट्ट कापसाची. दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी बर्फ या प्रदेशातून वितळून गेले, आणि तेव्हापासून ही जमीन वर येते आहे. अजून तिचे वर येणे संपलेले नाही. क्वार्केनच्या भागात आज हा वेग वर्षाला आठ मिलिमीटरच्या थोडा वरच आहे.

आठ मिलिमीटर म्हणजे काय? तांदळाचा एक लांबट दाणा आडवा ठेवावा, एवढे. परंतु मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा गज लावून पाहिले की या दाण्याची किंमत कळते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली; तेव्हापासून ही जमीन सुमारे सहा मीटर वर आली आहे. तुकोबांपासून आजवर तीन मीटर. आणि नाणेघाटात सातवाहनांची राणी आपल्या यज्ञयागांची नोंद कोरवून घेत होती, तेव्हा ब्योर्कोबीची आजची बहुतेक जमीन पाण्याखाली होती. तिच्यावर मासे फिरत होते!

येथे वाचकांच्या मनात परशुराम उभा राहिला असणार. माझ्याही राहिला. समुद्र हटवून भूमी मिळवल्याची कथा ज्याच्या बाळपणी कानावर पडली, त्याला हे सगळे ओळखीचेच वाटते. पण परशुरामाने एका बाणात काम उरकले. येथल्या भूमीला घाई नाही. शिवाय येथे बाण मारणारा कोणी नसल्यामुळे, मिळालेली भूमी कोणाला दान करायची हा प्रश्नही गावकऱ्यांनाच सोडवावा लागतो. तो प्रश्न त्यांनी कसा सोडवला हे पुढे येईल.

उभ्या मापाने आठ मिलिमीटर हे काहीच नाही. खरी मौज आडव्या मापात आहे. क्वार्केनचा तळ ताटासारखा सपाट आहे. डोंगराळ किनाऱ्यावर समुद्र हातभर खाली गेला, तर फार तर एक खडक उघडा पडेल. येथे हातभर पाणी उतरले की आख्खे शिवार उघडे पडते. सबंध क्वार्केन धरले, तर दरवर्षी सुमारे एक चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अडीचशे एकर, नवी जमीन पाण्यातून बाहेर येते. आजोबांनी जेथे जाळे टाकले, तेथे बाप होडी ढकलत नेतो आणि नातू गवत कापतो. हे वाक्य मी सजवण्यासाठी लिहिलेले नाही. तीन पिढ्यांत त्या किनाऱ्यावर नेमके हेच होते.

जमीन बाहेर येते तीही मोठ्या शिस्तीने. प्रथम पाण्याखालचे दगडगोटे डोके वर काढतात. हिमनदी मागे हटताना तिच्या कडेला दगडमातीचे लांबट, बुटके बांध साचत गेले होते. स्वीडिश भूशास्त्रज्ञ येरार्द दे येर यांच्या नावाने ते ओळखले जातात. हे बांध एकापुढे एक, जवळजवळ समांतर, कपडे घासण्याच्या पाटाच्या वळ्यांसारखे पाण्यातून वर येतात. दोन बांधांमधल्या पाण्याचे तोंड उथळ होऊ लागले की त्याला 'फ्लादा' म्हणतात. तोंड मिटत आले, आणि फक्त भरलेल्या समुद्राचेच पाणी आत येऊ शकेल अशी स्थिती झाली, की त्याचे नाव बदलून 'ग्लू' होते. मग तळे, मग दलदल. माणसाच्या बाल्य, तारुण्य, वार्धक्यासारख्या पाण्याच्या या अवस्था. आणि प्रत्येकीला तेथल्या कोळ्यांच्या तोंडी स्वतंत्र शब्द आहे. शास्त्रज्ञांनी पुढे हेच शब्द उचलून आपल्या ग्रंथांत घातले. शब्द आधी होडीत जन्मतो आणि मग विद्यापीठात जातो, याचा मला नेहमीच आनंद वाटतो.

उघड्या पडलेल्या काठावर आधी लव्हाळे आणि गवत येते. मग एक काटेरी झुडूप येते. त्याला ते लोक 'हावतोर्न', म्हणजे समुद्रकाटा, म्हणतात. याच जातीची झुडपे आपल्याकडे लडाखमध्ये आहेत. त्याला शेंदरी रंगाची, दात आंबवणारी फळे लगडतात. या झुडपाला सावली मुळीच सोसत नाही. मागून आल्डरची झाडे वाढू लागली की ते मरते. पण तोवर त्याने पुढे, नव्याने उघड्या पडलेल्या काठावर, आपले बस्तान बसवलेले असते. अशा रीतीने ही झुडपांची रांग समुद्राला धरून चालत राहते. तिच्या मागे आल्डर, त्यामागे भूर्ज, त्यामागे काळपट हिरवे स्प्रूस. काठापासून आत शंभर पावले चालत गेले की शेकडो वर्षांचा प्रवास होतो.

आता माणसांकडे वळू. ब्योर्कोबीची जुनी होडकी जेथे लागत, त्या जागेला आज 'बूदव्हात्नेत' म्हणतात. खोपटांचे पाणी, असा त्याचा सरळ अर्थ. समुद्राचा तो एक उघडा फाटा होता आणि गावाचे बंदर तेथे होते. काठाने कोळ्यांची लाकडी खोपटी होती. होड्या, जाळी, सील माशांच्या शिकारीची हत्यारे त्यांत राहत. हळूहळू फाट्याचे तोंड भरून आले. आज ते एक शांत तळे आहे. त्याच्याभोवती फिरायला पायवाट केली आहे, आणि वाटेत जुनी खोपटी कोरड्या जमिनीवर झाडांत उभी दिसतात. आत होडी ढकलण्याचे दार जिकडे, तिकडे आता पाणी नाही. गावाने आपले बंदर पुढे स्वेद्येहाम्न येथे नेले. आजही तेथे तांबड्या आणि पावसाने करड्या पडलेल्या खोपट्यांच्या ओळी आहेत. जवळच वीस मीटर उंचीचा एक लाकडी मनोरा आहे. त्यावरून ते वळ्यावळ्यांचे बांध पाहण्यासाठी उन्हाळ्यात प्रवासी येतात. पण स्वेद्येहाम्नचे पाणीही त्याच वाटेने जाणार हे गावात लहान मुलालासुद्धा ठाऊक असते.

बंदर हलवायचे म्हणजे काय करायचे, हे घरात बसून नीटसे ध्यानात येत नाही. तळातला गाळ आणि दगड काढून होडीपुरती वाट खोल करायची. ती पुन्हा भरली की पुन्हा काढायची. असे करता करता एक वेळ अशी येते की, वाट राखण्याची मेहनत नव्या धक्क्याच्या मेहनतीपेक्षा जास्त होते. तेव्हा बापजाद्यांचे खोपटे सोडायचे. खेडेगावाला हे जड जाते तसेच शहरालाही. वासा शहर १६०६ साली स्थापन झाले ते समुद्राजवळ. अडीचशे वर्षांत त्याचे बंदर इतके उथळ झाले की मोठी जहाजे गावापर्यंत येईनात. १८५२ साली आगीत ते शहर जवळजवळ सबंध जळाले, तेव्हा लोकांनी जुन्या जागी पुन्हा न बांधता सुमारे सात किलोमीटर पुढे, पाण्याजवळ, नवे वासा वसवले. आगीने एक अडलेला निर्णय सोपा केला, असे म्हणायला हरकत नाही. आखाताच्या वरच्या टोकाला, स्वीडनच्या बाजूला, लूलेओ नावाचे नगर आहे. ते तर १६२१ साली वसले आणि १६४९ सालीच उचलून पुढे न्यावे लागले. अठ्ठावीस वर्षांत! आपल्याकडे दाभोळ आणि चौल यांचे वैभव ओसरले, त्यात खाडीतल्या गाळाचाही हात होता. पण तो गाळ वरून आलेला होता. येथे खालूनच कोणी तरी बंदर उचलते आहे.

हे कोडे विद्वानांना कसे सुटले, त्याचा इतिहास गावच्या इतिहासाइतकाच रंजक आहे. ज्यांच्या नावाने आपण तापाचे अंश मोजतो, ते आंदेर्स सेल्सिअस यांनी त्याचा पाठपुरावा केला. हे उप्सालाचे ज्योतिर्विद. त्यांना किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडून आणि सीलच्या शिकाऱ्यांकडून कळले की पाणी वर्षानुवर्षे उतरते आहे. नुसत्या ऐकीव गोष्टीवर ते थांबले नाहीत. त्यांनी पुरावा शोधला, तो सीलच्या दगडांत. पाण्यातून जेमतेम वर आलेल्या खडकांवर सील येऊन पहुडतात आणि तेथेच त्यांची शिकार होई. असे खडक मौल्यवान मालमत्ता होते. ते विकले जात, वारशाने मिळत, त्यांवर सारा बसे. त्यामुळे त्यांचा उल्लेख जुन्या कागदपत्रांत होता. सोळाव्या शतकातल्या कागदांत ज्या खडकावर सील चढत म्हणून नोंद आहे, तो खडक सेल्सिअसच्या काळी सीलला चढता येणार नाही इतका उंच राहिला होता! या दोन उंचींमधल्या फरकावरून त्यांनी वेग काढला. म्हणजे सरकारी साऱ्याच्या दप्तराने भूशास्त्राला जन्म दिला म्हणा ना. १७३१ साली त्यांनी येव्ले शहराजवळच्या ल्योवग्रुंद या बेटावर एका खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरवून ठेवली. (आपल्या पैठणीच्या येवल्याशी या शहराचे नुसते उच्चाराचे साम्य आहे.) ती खूण आजही आहे. पाणी मात्र तिच्या खाली सुमारे दोन मीटरवर गेले आहे.

सेल्सिअसची समजूत अशी की समुद्राचे पाणीच आटते आहे. १७४३ साली त्यांनी ते छापून सांगितले, आणि पुढच्याच वर्षी वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते क्षयाने वारले. त्यांच्या मागे मोठाच वाद पेटला. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयस यांनी त्यांची बाजू उचलली. धर्मपीठाला मात्र हे रुचेना. पाणी असेच उतरत आले असेल, तर मागे हिशेब करत गेल्यास सारा स्वीडन देश अगदी अलीकडेपर्यंत बुडालेला ठरतो. मग बायबलातल्या कालगणनेचे आणि राष्ट्राच्या प्राचीन गौरवाचे काय करायचे? तुर्कूचे बिशप ब्रोवालियस यांनी १७५५ साली एक ग्रंथ लिहून सेल्सिअसचे खंडन केले. आपण आज त्यांना हसू नये. त्यांनी नुसती वचने फेकली नाहीत. काठाजवळचे जुने वृक्ष आणि जुन्या इमारती दाखवून, पाणी एवढ्या वेगाने उतरले असते तर हे येथे कसे असते, असा प्रश्न केला. गंमत अशी की तुर्कूकडे जमीन वर येण्याचा वेग खरोखरच कमी आहे. आपापल्या खिडकीतून दोघेही खरेच पाहत होते.

आणि उत्तर नेमके त्या तफावतीतच होते. पाणी आटत असते तर ते सगळीकडे सारखेच उतरले असते. एका ठिकाणी जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी कमी, असे पाण्याला करता येत नाही. ते जमिनीलाच शक्य आहे. १७६५ साली एफ्रेम ओट्टो रूनेबेर्ग या भूमापन खात्यातल्या गृहस्थांनी हलते ती जमीन असे सुचवले. मोजणीदाराला हे आधी कळावे यात मला नवल वाटत नाही. १८३४ साली इंग्रज भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल मनात शंका घेऊनच स्वीडनला गेले, ल्योवग्रुंदच्या खडकाजवळ उभे राहिले आणि खात्री पटून परतले. तरीही जमीन का उठते हे गूढच होते. बर्फाचे ओझे उतरले म्हणून उठते, हा विचार १८६५ साली स्कॉटलंडच्या टॉमस जेमिसन यांनी मांडला. सेल्सिअसच्या खुणेपासून त्या उत्तरापर्यंत एकशे चौतीस वर्षे गेली. ब्योर्कोबीसारख्या गावांतल्या लोकांनी तेवढ्या काळात चार-पाच पिढ्या धक्के पुढे सरकवले. कारण माहीत नसल्याने त्यांचे काम अडले नाही.

आता मघाचा प्रश्न. ही जी नवी जमीन येते, ती कोणाची? आपल्याकडे नदीने पात्र बदलले की मळईच्या जमिनीवरून काठ्या निघतात, हे वाचकांना सांगायला नको. ज्याच्या शेताला लागून जमीन बाहेर आली त्याची ती, असे म्हणणे पहिल्यांदा कोणाच्याही तोंडी येईल. फिनलंडचा कायदा तसे म्हणत नाही. तेथे गावासमोरचे पाणी हे बहुधा गावातल्या जुन्या घराण्यांच्या सामाईक मालकीचे असते. प्रत्येक घराचा त्यात हिस्सा ठरलेला. आणि ज्याचे पाणी, त्याचीच पाण्यातून निघालेली जमीन. म्हणून नवी भूमी जन्मतः सामाईक असते. एखाद्याच्या घरासमोरचा काठ पुढे सरकला, तर त्याच्या अंगणात आणि समुद्रात गावकीच्या जमिनीची एक पट्टी येऊन पडते! पिढीजात समुद्रकाठी राहणारा माणूस कागदोपत्री समुद्रकाठचा राहत नाही. ती पट्टी त्याला रीतसर मोजणी करून, मोल देऊन, घेता येते.

या व्यवस्थेचा मला जिव्हाळा वाटतो, तो तिच्यातल्या धीरामुळे. पूर्वी या सामाईक कुरणांतले गवत म्हणजे गुरांचा हिवाळा होता. वर्षातले निम्मे महिने जेथे गुरांना गोठ्यात बांधून ठेवावे लागते, तेथे मूठभर वैरणीलाही मोल असते. गवत सर्वांनी वाटून घ्यायचे. लाकूड वाटून घ्यायचे. आज त्या जमिनींवर उन्हाळी घरांसाठी जागा भाड्याने दिल्या जातात, आणि गावकीला त्यातून पैसा येतो. कज्जे होत नाहीत असे नव्हे. जेथे हिस्से आहेत तेथे कज्जे आहेतच. परंतु रोज थोडे थोडे वाढणारे जमिनीचे ताट एकाच्या पुढे न ओढता मध्ये ठेवायचे, असे त्या कोळी-शेतकऱ्यांनी फार पूर्वीच ठरवले होते, हे खरे.

गावचे जिणे मात्र कधी सोपे नव्हते. हिवाळ्यात क्वार्केन गोठते. वसंताच्या तोंडाला पुरुषमाणसे एक मोठी उघडी होडी घेऊन बर्फावर सीलच्या शिकारीला निघत, ती कधी कधी दोन-तीन महिने परतत नसत. होडी हेच घर, तीच चूल, तीच तरफडणाऱ्या बर्फातली नौका. मागे बायका गोठा, मुले आणि चिंता सांभाळत. मासे मिळत ते मिश्र. येथल्या पाण्यात महासागराच्या मानाने मीठ फार थोडे, हजार भागांत चार-पाच. त्यामुळे हेरिंगसारखे समुद्राचे मासे आणि पाइक, पर्च यांसारखे नदीतळ्यांतले मासे एकाच जाळ्यात सापडतात.

स्वीडन आणि फिनलंड एका राज्यात होते तेव्हा टपालही याच गावावरून जाई. पलीकडे स्वीडनच्या बाजूला होल्मोन हे बेट, अलीकडे ब्योर्को. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांवर सतराव्या शतकापासून टपाल पार करण्याचे काम लादलेले होते. पाणी मोकळे असेल तर वल्ही मारायची. गोठले असेल तर होडी ओढायची. अर्धवट गोठले असेल तर दोन्ही करायचे, आणि तेच सर्वांत वाईट. किती जण बर्फाच्या फटीत गेले असतील! मार्च १८०९ मध्ये बार्क्ले द तोली या सेनापतीने सुमारे तीन हजार रशियन शिपाई याच गोठलेल्या क्वार्केनवरून चालवत स्वीडनच्या उमेओ नगरावर नेले. त्याच वर्षी तह होऊन फिनलंड रशियाकडे गेला आणि या कोळ्यांच्या अंगणातल्या पाण्याची सरहद्द झाली. १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला. टपालाच्या होड्या गेल्या त्या गेल्या. हल्ली मात्र त्यांच्या आठवणीखातर होल्मोन आणि ब्योर्को यांच्यामध्ये जुन्या धर्तीच्या होड्यांची शर्यत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या किनाऱ्यावरची पुष्कळ तरुण माणसे अमेरिकेस निघून गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वीडनमध्ये गेली. तेव्हा त्या किनाऱ्याचा विचार करताना मला राहून राहून असे वाटते की, तेथे समुद्र एकटाच दूर जात नव्हता. १९७३ साली ब्योर्कोबीचा स्वतंत्र ग्रामकारभार कोर्सहोल्ममध्ये विलीन झाला. १९९७ साली रेप्लोट बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा १०४५ मीटरचा पूल झाला, तेव्हा फेरीबोटीची वाट पाहणे संपले. २००६ साली युनेस्कोने क्वार्केनच्या बेटांना जागतिक वारशात घेतले. समोरच्या स्वीडनचा उंच किनारा २००० सालीच त्या यादीत गेला होता. तेथे २८६ मीटर उंचीवर एके काळच्या समुद्रकाठाची खूण आहे. फिनलंडमधला निसर्गासाठी मान्यता मिळालेला हा एकच वारसा. त्यामुळे स्वेद्येहाम्नला माणसांचा राबता वाढला. पर्यटनाच्या पत्रकांतून 'निसर्गाची देणगी' असा शब्द फार वापरलेला दिसतो. मला तो शब्द थोडा सैल वाटतो. ज्याचे बंदर कोरडे पडते, त्याला विचारल्याशिवाय तिला देणगी म्हणू नये.

ऑगस्टच्या अखेरीस या सगळ्या किनाऱ्यावर एक सण होतो, तो दिवाळी अंकात सांगायलाच हवा. उन्हाळी घरे बंद करून लोक शहराकडे परतायचे असतात. त्या शनिवारी काठाकाठाने होळ्या पेटवतात, दिवे लावतात, दारूकाम करतात. पाण्यावर दिव्यांच्या रांगा हलतात. त्यांचे दिवे अंधाराला घालवण्यासाठी नसतात. अंधार आता येणार, पुढचे सहा-सात महिने मुक्काम करणार, हे जाणून त्याच्या स्वागताला लावलेले असतात. दिवे दरवर्षी काठावरच लावतात, पण काठ तोच नसतो.

आता यात एक नवा पक्षकार आला आहे. जगभर समुद्राची पातळी चढते आहे. १९९३ पासून उपग्रहांनी घेतलेल्या मोजमापांत हा चढ सरासरीने वर्षाला तीन मिलिमीटरच्या वर दिसतो, आणि अलीकडच्या वर्षांत तो चारच्याही पुढे गेला आहे. जमीन आठने उठते, पाणी तीन-चारने चढते, उरले चार-पाच. फिनलंडच्या दक्षिणेस हेलसिंकीकडे जमिनीचा वेग मुळात कमी, त्यामुळे तेथे दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीला आल्या आहेत. सुमारे दोन-अडीच हजार वर्षांनी क्वार्केन कोरडे पडेल, आखाताचा वरचा भाग तुटून एक प्रचंड सरोवर होईल आणि ब्योर्कोबीहून स्वीडनला पायी जाता येईल, असा जुना हिशेब होता. तो आता पुन्हा मांडावा लागतो आहे. ज्या गावाने शेकडो वर्षे समुद्र जातो म्हणून काळजी केली, त्याच्या नातवंडांना तो परत येतो की काय हे पाहावे लागेल. आमच्या कोकणातल्या म्हाताऱ्यांची भाषा त्यांनाही शिकावी लागेल, असे दिसते.

पण ते पुढचे झाले. सध्या क्वार्केनमध्ये जमिनीचीच सरशी आहे. बर्फ फुटून पाणी मोकळे झाले की स्वेद्येहाम्नच्या तोंडाशी किती खोली उरली ते पाहायचे, कोणता दगड नव्याने डोके काढतो आहे तो ध्यानात ठेवायचा, आणि गाळ यंदा काढायचा की आणखी एक वर्ष चालवून न्यायचे ते ठरवायचे, असा क्रम तेथे चालू आहे.